भांड्यावरचं नाव

आज शेळीपालन नाही, कर्जाचा हप्ता नाही, सोयाबीनवरची कीडसुद्धा नाही. ज्या विषयावर आपण बैठकीत बोलत नाही, बैठक मोडल्यावर चपला घालता घालता हळूच बोलतो, तो विषय आज घेतला आहे. मूल होण्यासाठीचा उपचार. आणि त्यातही डॉक्टरांच्या खोलीमागे जी बंद दाराची प्रयोगशाळा असते, तिथलं काम.

आम्ही म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या काही जणी. डॉक्टर नाही. पण आमच्यापुढे एक अर्ज आला आणि त्या अर्जामुळे आम्हाला हे सगळं शिकावं लागलं.

अर्ज अंतर्गत कर्जाचा होता. रक्कम साठ हजार, कारणाच्या रकान्यात एकच शब्द, दवाखाना. अर्ज करणारीचं नाव आणि गाव आम्ही सांगणार नाही, तिला फक्त ताई म्हणू. लग्नाला नऊ वर्षं झालेली. नऊ वर्षांत किती ओटीभरणांना तिला बोलावणं आलं नाही, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आदल्या वर्षी अंगावरचं सोनं मोडून एकदा टेस्ट ट्यूबचा उपचार केला होता. तो फसला. आता दुसऱ्यांदा जायचं, तर थोडे पैसे माहेरचे, थोडे नवऱ्याने उचललेले आणि साठ हजार गटाचे.

गटात दोन तट पडले. एक मावशी स्पष्ट म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर दारात करडं दिसतात. शिलाई मशीनला दिलं तर मशीन दिसतं. इथं काय दिसणार? एकदा पैसे पाण्यात गेले, आता आमचे घालायचे?" मावशी वाईट नाहीत. गटाचा पैसा म्हणजे आपल्या पोटाला चिमटा काढून ठेवलेली बचत, तिची काळजी त्यांना वाटते. त्यांनी आम्हालाच विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा, कुठला दवाखाना नीट आहे हे कसं ओळखायचं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

आता थोडं आमच्या मसाला युनिटकडे वळू. विषय सोडून चाललोय असं वाटेल, पण तसं नाही.

दोन वर्षांपूर्वी युनिटसाठी एक प्रशिक्षण झालं. सर आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, लीन मॅनेजमेंट. आपल्याकडे लीन म्हणजे नम्र, देवापुढे लीन व्हावं तसं. हा लीन वेगळा. इंग्रजीतला, म्हणजे सडपातळ, अंगावर फालतू चरबी नसलेला. केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची लहान कारखान्यांसाठी याच नावाची योजना आहे. सरांनी आम्हाला काही शिकवलं नाही, फक्त एक दिवस कोपऱ्यात बसून कोण किती चालतंय ते मोजलं. मिरची एका टोकाला, डंका दुसऱ्या टोकाला, वजनकाटा तिसरीकडे. आम्ही दिवसभर चालत होतो आणि त्या चालण्याचा कुणी एक रुपया देत नव्हतं. महिनाभर पुरेल एवढी हळद एकदम कुटून ठेवायचो, मग तिचा वास उडायचा. पाकिटं संपली हे शेवटचं पाकीट भरताना कळायचं. सर म्हणाले, गिऱ्हाइकाला ज्याचा उपयोग नाही तो सगळा फापटपसारा. जपानी लोक त्याला मुदा म्हणतात. तो काढा, म्हणजे ज्याचा उपयोग आहे त्याला वेळ मिळेल.

ही पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीतून जगभर गेली. ताईची ओहनो नावाच्या इंजिनिअरने ती बसवली. पण टोयोटाची मोटार नंतरची, आधी होता हातमाग. साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा. आई घरी मागावर कापड विणायची, तिचे कष्ट बघून त्याने माग सुधारायला घेतला. १९२४ मध्ये त्याच्या कारखान्यातून असा यांत्रिक माग निघाला, की त्यात एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबायचा. चूक झाली की तिथंच थांबायचं, पुढे वाहू द्यायचं नाही. परभणीच्या कापसाच्या मुलखात ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. एक तुटका धागा तसाच पुढे गेला तर अख्खं लुगडं वाया जातं.

गाड्यांच्या कारखान्यातली ही रीत पुढे इस्पितळांनी उचलली. आता गर्भ वाढवणाऱ्या प्रयोगशाळाही उचलत आहेत. मनात आलं, बाईच्या कुशीची गोष्ट आणि कारखान्याचा हिशेब, हे कसलं लग्न? पण त्या खोलीत काय चालतं ते समजून घेतल्यावर आमचं मत बदललं.

थोडक्यात सांगतो. बाईला काही दिवस इंजेक्शनं देऊन एकाऐवजी जास्त बीजं पिकवतात. मग एक शेवटचं इंजेक्शन देतात आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीजं सुईने काढतात. काढलेलं द्रव शेजारच्या प्रयोगशाळेत जातं. तिथं सूक्ष्मदर्शकाखाली बीजं शोधतात, पुरुषबीजाशी गाठ घालून देतात आणि त्या बशा उबदार पेटीत ठेवतात. पेटीत बाईच्या पोटात असते तेवढीच ऊब, सदतीस अंश. सोळा ते अठरा तासांनी बघतात की फळलं का. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी होतात. पाचव्या दिवशी गर्भ चेंडूसारखा फुगतो. मग तो पिशवीत सोडतात किंवा गोठवून ठेवतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली ती अशीच. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी ते काम केलं. तेव्हा देशातलं हे पहिलं बाळ मानलं गेलं. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी ते करून दाखवलं होतं, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. पुढे आनंद कुमारांनी मुखर्जींची टिपणं स्वतः वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या डोक्यावरचा तुरा काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारे लोक कमी असतात. आणि हे होऊ शकलं ते लिहिलेलं शिल्लक होतं म्हणून. गटाच्या सचिव ताईंनी हे ऐकून ठेवावं.

तर ती ऊब. बीज फार नाजूक. पेटीचं दार उघडलं की ऊब जाते, आतल्या हवेचं प्रमाण बिघडतं. दुधाला विरजण लावून थंडीच्या रात्री भांडं गोधडीत ठेवतो आणि पोरगं सारखं झाकण उघडून बघतं, तेव्हा दह्याचं काय होतं? इथं तर दही नाही. म्हणून बशी बाहेर काढण्याआधी लागणारी प्रत्येक गोष्ट हाताशी हवी. ज्यात गर्भ वाढवायचा ते पाणी बशीत घालून आदल्या संध्याकाळीच पेटीत ठेवावं लागतं, म्हणजे सकाळी ते तयार असतं. बशी हातात आणि माणूस नळी शोधत कपाटं उघडतोय, हे चालत नाही. आमच्या युनिटात चालण्याने फक्त पाय दुखायचे. तिथं प्रत्येक जास्तीचं पाऊल म्हणजे बशीची थोडी ऊब कमी. म्हणून तिथं खोलीत कोण कुठून कुठे जातो त्याची रेघ काढायची, पेटी, सूक्ष्मदर्शक आणि टेबल जवळ आणायचं, नको ते सामान बाहेर काढायचं. अगरबत्ती नाही, अत्तर नाही, ताजा रंग नाही, कारण तो वासही गर्भाला बाधतो. आमच्यातली एक जण डोक्याला वासाचं तेल लावून गेली होती, तिला आतल्या दाराशीसुद्धा उभं राहू दिलं नाही. तिला राग आला, पण आम्हाला तो दवाखाना आवडला.

हा झाला दुसरा दवाखाना. पहिल्या ठिकाणचं सांगायचं राहिलं.

पहिल्या वेळी ताई, तिचा नवरा आणि आमच्यातल्या दोघी मोठ्या शहरात गेलो होतो. कुठला दवाखाना ते सांगायचं कारण नाही. त्या दिवशी तिथं दहा-बारा बायका होत्या, सगळ्या उपाशीपोटी. संध्याकाळी ताईच्या हातात कागद दिला, नऊ बीजं निघाली. आम्हाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी बिलासोबत दुसरा कागद आला, त्यावर सात. नऊ की सात? खिडकीवरच्या मुलीने "तेच ते" म्हणून उडवून लावलं. तेच ते कसं? आमच्या गटाच्या वहीत नऊ रुपयांचे सात झाले तर रात्री झोप लागत नाही.

आम्ही हललो नाही. शेवटी आतून प्रयोगशाळेचे एक जण आले, रजिस्टर घेऊन. ताईची सात. नऊ तिच्याच नावाच्या दुसऱ्या बाईची. पहिलं नाव तेच, आडनाव तेच. आपल्या मराठवाड्यात एका गावात पाच सुनीता आणि पंधरा शिंदे निघतात. बरं, जन्मतारीख बघावी तर दोघींचीही १ जून! मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणींच्या आधार कार्डावर १ जून आहे? शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली. आई सांगते नागपंचमीच्या पुढे-मागे झाली, आणि कागद सांगतो १ जून. त्या गृहस्थांनी बशीवरच्या खुणा, नवऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक सगळं जुळवून दाखवलं. चूक कागदापुरतीच होती, बशा बरोबर होत्या. पुढे गर्भ राहिला नाही, त्याचा या चुकीशी संबंध नाही. पण ताई त्यानंतर कितीतरी रात्री एकच विचारत होती, "खरंच माझंच होतं ना?"

ही शंका वेडेपणाची नाही. दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात २००९ साली एका जोडप्याला या उपचारातून जुळ्या मुली झाल्या. पुढे एका मुलीचा रक्तगट आईबापाच्या गटांशी जुळेना. तपासणीत निघालं की वापरलेलं पुरुषबीज नवऱ्याचं नव्हतंच. २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दीड कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियात तर एका बाईच्या पोटी दुसऱ्याच जोडप्याचा गर्भ वाढून बाळ जन्माला आल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. म्हणजे मोठ्या देशातसुद्धा घडतं.

आपण काय करतो? लग्नात मिळालेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतो. का? गावजेवणाला सगळ्यांची पातेली एकत्र होतात, तेव्हा आपलं आपल्या घरी यावं म्हणून. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करतात. डब्याच्या झाकणावर कुठून आला, कुठे जायचा, कितव्या मजल्यावर, याची रंगाने खूण. डबा हातोहात चार माणसांकडे जातो, पण खूण प्रत्येक जण वाचतो. चांगल्या प्रयोगशाळेतही प्रत्येक बशीवर, नळीवर नाव आणि क्रमांक असतो, आणि बशी बदलायची असेल तेव्हा दुसरा माणूस शेजारी उभा राहून मोठ्याने वाचतो, बघतो आणि सही करतो. याला दुहेरी साक्ष म्हणतात. काही ठिकाणी आता बशीखाली खुणेची चकती असते आणि चुकीची बशी टेबलावर आली की यंत्र ओरडतं. साकिचीचा माग थांबायचा तसंच.

दुसऱ्या दवाखान्यात ताईला एका सकाळी चार वेळा विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा. यजमानांचं सांगा." नर्सने, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी, आत प्रयोगशाळेतल्या बाईंनी, परत नर्सने. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "यांच्या लक्षात राहत नाही का हो?" राहतं की. पण "तुम्ही सुनीता शिंदेच ना?" असं विचारलं तर गुंगीत कुणीही हो म्हणेल. म्हणून नाव आपल्या तोंडून काढून घेतात.

इथंच लीन हा शब्द फसवू शकतो. आमच्या प्रशिक्षणाच्या सरांनी शिकवलं, एकच काम दोनदा करणं म्हणजे फापटपसारा. पण नाव चार वेळा विचारणं हा फापटपसारा नाही, ते तर ज्यासाठी पैसे दिले तेच काम. नऊ आणि सात असे दोन कागद वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी लिहिणं, हा फापटपसारा. लीनच्या नावाखाली एखादा मालक साक्षीला उभा राहणारा माणूसच कमी करील, म्हणेल खर्च वाचला. आमचं मत असं की हे लीन नाही, ही कंजुषी आहे. फालतू काय आणि कामाचं काय, हे ठरवताना मालकाच्या जागी नव्हे, टेबलावर झोपलेल्या बाईच्या जागी उभं राहून बघायला पाहिजे.

आता त्या दहा-बारा बायकांकडे येऊ. एकाच दिवशी एवढ्या का? याला बॅच म्हणतात. लहान शहरांतल्या काही दवाखान्यांत प्रयोगशाळेचं काम करणारा तज्ज्ञ रोज नसतो, मोठ्या शहरातून महिन्यातून काही दिवस येतो. मग गोळ्या देऊन सगळ्या बायकांची पाळी जुळवून घेतात आणि त्या दिवसांत सगळ्यांचं एकदम उरकतात. आमची हळदीची कुटणी तशीच होती. टोयोटाची रीत याच्या उलट आहे, ढीग लावू नका, एकेक काम वाहतं ठेवा. ढिगात माणूस थकतो, पेटीचं दार सारखं उघडतं, दोन सारख्या नावांच्या बशा एकाच दिवशी येतात. आणि ते छत्तीस तास आठवा. दहा जणींना रात्री एकाच वेळी इंजेक्शन सांगितलं आणि दहावीचा नंबर दुपारी दोनला लागला, तर तोवर बीज पोटातच सुटून जाऊ शकतं. म्हणून प्रत्येकीच्या इंजेक्शनची वेळ तिच्या नंबरप्रमाणे वेगळी पाहिजे. आपली वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे सांगितली म्हणून वाद घालू नका, ती वेळ मुद्दाम ठरवलेली असते. मोबाइलचा गजर लावून तंतोतंत पाळा.

पण बॅच म्हणजे लूटच, असंही आम्ही म्हणणार नाही. तज्ज्ञाचा खर्च वाटला जातो म्हणून काही ठिकाणी उपचार थोडा स्वस्त पडतो आणि जिंतूर, गंगाखेड, पालमच्या बाईला मुंबई-पुण्यात महिनाभर खोली घेऊन राहणं शक्य नसतं. एवढंच विचारा, त्या दिवशी किती जणी आहेत, आत किती माणसं आहेत, आणि तज्ज्ञ परत गेल्यावर पाचव्या दिवसापर्यंत त्या बशांकडे कोण बघणार.

तो बघणारा किती महत्त्वाचा, ते अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात मार्च २०१८ मध्ये दिसलं. गोठवलेली बीजं आणि गर्भ द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, शून्याच्या खाली १९६ अंश. आपल्याला नायट्रोजनचा कॅन माहीत आहे, गाईला कांडी भरायला पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आणतात तोच. तो उडून जातो, भरत राहावं लागतं. त्या टाकीत ऊब वाढली आणि धोक्याची सूचना बाहेर पोहोचवणारी घंटा बंद होती. शनिवार-रविवारची रात्र. चार हजारांहून जास्त बीजं आणि गर्भ गेले. एवढ्या श्रीमंत देशात, एवढ्या यंत्रांत, एक बंद घंटा. आपल्याकडे तर वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून आमच्या मावशींनी दुसऱ्या दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला तो हाच, "लाइट गेली तर?" त्यांनी बॅटरी दाखवली, जनरेटर दाखवला आणि टाकीजवळ टांगलेला तक्ता दाखवला. रोज नायट्रोजन किती आहे, कुणी मोजला, सही. तक्त्यात रविवारच्याही सह्या होत्या.

सामानाचंही तसंच. गर्भ वाढवायचं ते पाणी थोड्याच दिवसांत शिळं होतं, थंडीत ठेवावं लागतं. बाळाला लस देताना आशाताई बाटलीवरचा चौकोन बघतात, रंग बदलला असेल तर बाटली बाजूला. बोलायची गरज नाही, डोळ्याला दिसतं. प्रयोगशाळेत तारखा तशाच दिसल्या पाहिजेत, आधी संपणारं पुढे, आणि ठरावीक बाटल्या उरल्या की मागवायचं कार्ड. आम्ही पाकिटांच्या गठ्ठ्यात आता लाल पुठ्ठा घालतो, पुठ्ठा दिसला की फोन. तेवढंच.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची आणि त्यात सगळ्यात जास्त वर्षं वाया जातात. ताईची नऊ वर्षांत चार डॉक्टरांकडे तपासणी झाली, दोन ठिकाणी अंगारा, एका ठिकाणी उपास. तिच्या नवऱ्याची पहिली तपासणी सातव्या वर्षी झाली. साधी तपासणी, फार खर्चाचीही नाही, आणि साधारण निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही वाटा पुरुषाकडे असतो. बाईची दुर्बीण करण्याआधी ही व्हायला हवी. नंतर करणं म्हणजे डंक्यात मिरची घातल्यावर देठं खुडायला बसणं. गर्भाशयाचा क्षयरोगही आपल्या देशात एक कारण आहे आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तेही आधी बघावं. काहींना टेस्ट ट्यूबपर्यंत जायची वेळच येणार नाही.

पैशाचं म्हणाल तर खासगीत एका प्रयत्नाला दीड-दोन लाखांच्या पुढे जातात आणि चांगल्या ठिकाणी, तरुण वयातही, बऱ्याचदा पहिल्या फेरीत यश येत नाही. चाळिशीकडे गेल्यावर आणखी कमी. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हा उपचार मोफत द्यायला सुरुवात झाली. आपल्या मराठवाड्यात तसं कधी होईल, हा प्रश्न ग्रामसभेत आणि आमदारांच्या पुढे ठेवायला काय हरकत आहे?

२०२१ चा कायदा आहे, या उपचारांच्या केंद्रांसाठीचा. जानेवारी २०२२ पासून लागू. केंद्राची नोंदणी असलीच पाहिजे. बाईचं वय एकवीस ते पन्नास, पुरुषाचं एकवीस ते पंचावन्न. खर्च किती, धोके काय, यशाची शक्यता किती, हे आधी समजावून सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, लेखी संमती घ्यायची आणि तक्रार ऐकणारी व्यवस्था केंद्रातच ठेवायची. मुलगाच देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

हे सगळं आम्ही बैठकीत मांडलं. मग गटाने ठरवलं की कर्ज द्यायचं, पण आधी ताई आणि दोन सदस्यांनी दवाखान्यात जाऊन विचारून यायचं. त्यात शेळीचं बोलणाऱ्या मावशीही होत्या. नोंदणीचा कागद, लेखी दर, साक्षीची सही, लाइट, रविवार. एका ठिकाणी "तुम्हाला कळणार नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळेच्या बाईंनी काचेतून आतली खोली दाखवली, वीस मिनिटं उभं राहून. साठऐवजी पन्नास हजार मंजूर झाले, कारण तेवढेच गटाच्या खात्यात होते. कागदांवर नाव मात्र आधी सारखं करून घेतलं. आधारवर माहेरचं आडनाव, रेशन कार्डावर सासरचं आणि जुन्या रिपोर्टवर तिसरंच होतं. ते नीट करायला महिना गेला. तुमच्यापैकी कुणाचं असं असेल तर उपचाराला जाण्याआधी करून घ्या.

दिवाळीनंतर ताईचे तीन गर्भ तयार झाले. एक सोडला, तो राहिला नाही. दोन नायट्रोजनमध्ये आहेत, त्यांच्या कांडीवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि क्रमांक आहे. तो क्रमांक तिने पाठ केला आहे आणि गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावरही लिहून ठेवला आहे. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. संक्रांतीनंतर परत जायचं आहे आणि या वेळी सोबत मावशी जाणार आहेत.